झाड आणि हरळी

१९३३ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा पहिला खंड, आदिपर्व, पूर्ण केला. त्याला विष्णु सीताराम सुकथनकरांची दीर्घ इंग्रजी प्रस्तावना आहे. ती ‘प्रोलेगोमिना’ या नावानेच ओळखली जाते. त्या प्रस्तावनेत एक झाड आहे. झाड म्हणजे आकृती: सर्वांत वर व्यासांचे भारत, त्याखाली मूळ महाभारत, मग उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन फांद्या. त्या फांद्यांना पुढे फुटवे आहेत: काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, आणि दुसरीकडे तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. मूळ वर, शेंडे खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थही असाच उलटा आहे. हा योगायोग सुकथनकरांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही, पण त्यांनी त्यावर काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर बरोबर त्रेचाळीस वर्षांनी, १९७६ मध्ये, पॅरिसात जिल दलझ आणि फेलिक्स ग्वातारी या दोघांचे एक लहानसे पुस्तक निघाले: ‘रायझोम’. पुढे १९८० साली ‘मिल प्लातो’ या जाड ग्रंथाची ती प्रस्तावना झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पाश्चात्त्य विचाराला झाडाचे वेड आहे. एक मूळ, एक खोड, खोडाला दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. व्याकरणातले वाक्याचे झाड घ्या, भाषांचा वंशवृक्ष घ्या, पक्षाची रचना घ्या; सगळीकडे वरून खाली हुकूम उतरतो. त्याऐवजी ज्ञान, भाषा, संस्कृती यांच्याकडे जमिनीखाली आडवे पसरणाऱ्या खोडासारखे पाहा, असे ते सांगतात. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, कुठलाही बिंदू कुठल्याही बिंदूला जोडता येतो, मधेच तोडले तरी ते दुसरीकडून उगवते.

‘रायझोम’ला मराठीत वनस्पतिशास्त्राची पाठ्यपुस्तके ‘मूलस्कंध’ म्हणतात. शेतकऱ्याला हा शब्द लागत नाही. त्याच्याकडे हरळी आहे, कुंदा आहे, लव्हाळा आहे. काळ्या जमिनीत एकदा हरळी शिरली की उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचाव्या लागतात, आणि एखादा तुकडा राहिला की तो पहिल्या पावसाला पुन्हा वर येतो. फ्रेंच तत्त्वज्ञांना जे मुक्तीचे चित्र वाटले ते आपल्याकडे तणाचे चित्र आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

तुलना ओढूनताणून आणलेली वाटेल. सुकथनकरांनी दलझ वाचणे शक्य नव्हते आणि दलझ-ग्वातारींनी प्रोलेगोमिना वाचल्याची काही खूण नाही. पण झाड आणि जाळे यांच्यातला वाद एखाद्या खऱ्या कामात, खऱ्या कागदांवर, पैसे आणि माणसांची आयुष्ये खर्चून कुठे लढला गेला असेल, तर तो भांडारकर रस्त्याजवळच्या त्या दगडी इमारतीत.

पोथ्यांचा वंशवृक्ष काढण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८२७ साली स्वीडनमध्ये श्लिटर याने जुन्या कायद्यांच्या हस्तलिखितांचे असे झाड छापले. पुढे कार्ल लाखमान याच्या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्याची ल्युक्रेशियसची आवृत्ती १८५० ची. तत्त्व सोपे आहे. नक्कल करताना चुका होतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या एकाच आईच्या लेकी. अशा लेकींची घराणी लावत वर गेले की हरवलेली आद्य पोथी हाती लागते. हाच काळ भाषांच्या झाडांचा आहे. श्लायखरने १८५३ मध्ये इंडो-युरोपीय भाषांचे झाड काढले, आणि डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात जी एकच आकृती आहे तीही फांद्यांचीच. शतक झाडांचे होते.

पण या पद्धतीला एक अट आहे. नक्कल करणाऱ्यासमोर एकच पोथी असली पाहिजे. त्याने दुसरी पोथी मागवून तिच्यातले पाठ समासात लिहून घेतले, आणि त्याच्यानंतरच्याने समासातले उचलून मजकुरात घातले, की लेकीला दोन आया होतात, कधी चार. पाठचिकित्सेत याला ‘कंटॅमिनेशन’ म्हणतात. मराठीत आपण ‘पाठसंकर’ म्हणतो आणि तो शब्द उच्चारताच गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या अर्जुनाची भीती आठवते. इंग्रजी शब्दात रोगट पाण्याचा वास आहे, मराठी शब्दात जातीचा. दोन्ही शब्दांनी आधीच निकाल दिलेला आहे की शुद्ध काय आणि बाटलेले काय. जर्मन पंडित पाउल मास याने आपल्या छोट्या, काटेकोर पुस्तकाच्या शेवटी कबूल केले की या संकरावर उपाय सापडलेला नाही. इटलीत ज्योर्जो पास्क्वाली याने १९३४ मध्ये वेगळी वाट धरली. पाठ वरून खाली उतरतात तसे आडवेही सरकतात, आणि कित्येक ग्रंथांच्या बाबतीत हे आडवे सरकणे हाच नियम आहे, असे त्याने दाखवले. म्हणजे सुकथनकर आपले झाड छापत होते त्याच सुमारास युरोपात झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडत होती.

सुकथनकर हे सगळे जाणून होते. गणितासाठी केंब्रिजला गेलेला, मग बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्सकडे शिकलेला, शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिलेला हा माणूस १९२५ मध्ये महाभारताचा प्रमुख संपादक झाला. काम त्याआधीच, १ एप्रिल १९१९ ला, वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मंगलश्लोक लिहून सुरू केले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाखाची देणगी कबूल केली होती. नारायण बापूजी उटगीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढून पाहिली होती. अशी आवृत्ती व्हावी ही मागणी मात्र पुण्यातली नव्हे. १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झने ती मांडली होती.

आदिपर्वाच्या एकूण २३५ पोथ्यांचा हिशेब सुकथनकरांनी दिला आहे: १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू, २६ मल्याळम, ५ नेपाळी, ३ शारदा, आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी प्रत्येकी एक. यांतल्या सुमारे साठ निवडून त्यांचे पाठ अक्षराला अक्षर लावून ताडले. ताडण्याची रीत अशी की आखलेल्या कागदावर वर एक श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर, आणि खाली ओळीने एकेका पोथीतला फरक त्या-त्या अक्षराच्या चौकटीत टिपायचा. जिथे फरक नाही ती चौकट मोकळी. पुण्यात हे काम चाले, तसेच शांतिनिकेतनात विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महालातही. कारण बंगाली लिपीच्या आणि ग्रंथ लिपीच्या पोथ्या सराईतपणे वाचणारी माणसे तिकडे होती. संपूर्ण महाभारतासाठी पाहिलेल्या पोथ्यांचा आकडा १,२५९ सांगितला जातो. ताडपत्र, भूर्जपत्र, कागद. ज्यांनी त्या चौकटी भरल्या त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत.

त्या २३५ मधल्या १०७ देवनागरी पोथ्या पाहून एखाद्याला वाटेल की देवनागरीची साक्ष सर्वांत भक्कम. झाले उलट. सुकथनकरांच्या निकालात देवनागरी पोथ्या सर्वांत मिसळलेल्या, म्हणून सर्वांत कमी विश्वासाच्या ठरल्या. कारण देवनागरी कोणा एका प्रांताची नव्हती. बंगालचा पंडित बंगालीत लिही, पण देवनागरी वाचे. दक्षिणेतून काशीला गेलेल्यालाही ती येई. त्यामुळे कुठलाही पाठ देवनागरीत उतरला की सगळीकडे पोचे आणि सगळीकडचे पाठ देवनागरीत येऊन मिळत. याउलट शारदा किंवा मल्याळम या लिप्या डोंगरांनी आणि समुद्राने अडवलेल्या कोपऱ्यांतल्या. तिथे पाठ कमी हलले, म्हणून कमी वाढले. काश्मीरची भूर्जपत्रावरची शारदा पोथी आणि केरळातल्या मल्याळम पोथ्या, देशाच्या दोन टोकांच्या, जिथे एकमेकींशी जुळतात तिथे जुना पाठ आहे असे धरायचे, ही सुकथनकरांची कसोटी होती. ती बुद्धिमान आहे. तिच्यातली दुखरी बाजू अशी की ज्या लिपीने सर्वांना जोडले तीच साक्षीदार म्हणून बाद झाली. झाडाच्या दृष्टीने संपर्क हा दोष आहे.

या संपर्काचा सर्वांत मोठा कारागीर मराठी होता. नीलकंठ चतुर्धर हा सतराव्या शतकातला, गोदावरीकाठच्या कोपरगावच्या चौधरी घराण्यातला. काशीत राहून त्याने ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. निरनिराळ्या प्रदेशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवून, चांगले पाठ निवडून आपण ग्रंथ सिद्ध केला, असे तो स्वतःच सांगतो. आजच्या संपादकाला याचा राग येतो, कारण नीलकंठाने कुठला पाठ कुठून घेतला ते सांगितले नाही. पण त्याच्या मनात महाभारताचे झाड नव्हतेच. त्याच्या मते सगळ्या पोथ्या एकाच व्यासांच्या होत्या; एकीत जे राहून गेले ते दुसरीत असणार, म्हणून जमवा. सुकथनकरांची वृत्ती ‘ज्याच्या-त्याच्यात नाही ते गाळा’ अशी, नीलकंठाची ‘कोणाच्या तरी पोथीत आहे ते घ्या’ अशी. नीलकंठाचाच पाठ पुढे छापखान्यांनी उचलला आणि तो लोकांचा महाभारत झाला. गंमत म्हणजे १९२९ पासून, भांडारकर संस्थेत आदिपर्वाची काटछाट चालू असताना, पुण्यातच चित्रशाळा छापखान्याने रामचंद्रशास्त्री किंजवडेकरांकडून नीलकंठाचा पाठ टीकेसह काढायला घेतला. एकाच शहरात झाड आणि जाळे, दोन्ही छापून निघत होती.

त्याच १९२९ साली सिल्व्हें लेव्ही या फ्रेंच पंडिताने ‘जुर्नाल आझियातिक’मध्ये पुण्याच्या पहिल्या भागांचे परीक्षण करताना एक सूचना केली. मूळ ग्रंथ शोधण्याचा नाद सोडा. नीलकंठाचा रूढ पाठ छापा आणि खाली सर्व पाठभेद द्या, वाचक काय ते पाहील. लेव्हीचे म्हणणे आज वाचताना फार आधुनिक वाटते. सुकथनकरांनी प्रोलेगोमिनात त्याला उत्तर दिले, आणि ते उत्तर मला अजूनही पटते: रूढ पाठ हा तटस्थ नाही. तोही कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी पोथ्यांवरून बांधलेला आहे. फक्त उशिरा बांधला आणि छापखान्याच्या नशिबाने पसरला, एवढ्यावरून त्याला पानाच्या वरच्या अर्ध्यात बसवायचे आणि काश्मीर-केरळला खाली ढकलायचे, यात समता कुठली? जाळ्याच्या नावाने आपण पुष्कळदा जाळ्यातल्या सर्वांत बलिष्ठ गाठीलाच मान देतो.

तरीही सुकथनकर आपल्या झाडाला फसले नव्हते. हे व्यासांचे महाभारत नव्हे, मूळही नव्हे, हाती असलेल्या पोथ्यांवरून पोचता येते तितके जुने रूप आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आकृतीतल्या फांद्या म्हणजे प्रत्यक्ष पोथ्या नव्हेत, कल्पिलेले नमुने आहेत, हेही. अभिजात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी तयार झालेली रीत महाभारताला जशीच्या तशी लागू होत नाही, हा ग्रंथ आपल्यासारखा एकच, असे त्यांचे मत. सिद्ध केलेली संहिता कुठल्याही एका पोथीशी जुळत नाही. ती तुकड्यातुकड्यांची नक्षी आहे. आणि जिथे पाठाची खात्री नाही तिथे त्यांनी मजकुराखाली नागमोडी रेघ छापायची ठरवले. मला त्या सगळ्या प्रचंड कामातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट ही रेघ वाटते. झाड प्रस्तावनेत एकदा येते, ही रेघ शेकडो पानांवर येत राहते.

ही आवृत्ती उघडून पाहिली नसेल त्याने एकदा पाहावी. पानावर वर मोठ्या अक्षरांत चार-पाच श्लोक. खाली बारीक टाइपात पाठभेद, लिप्यांची इंग्रजी आद्याक्षरे, पोथ्यांचे आकडे, आणि तारांकन केलेल्या ओळी, ज्या काही पोथ्यांत आहेत पण संहितेतून वगळल्या आहेत. आणखी मोठे वगळलेले प्रसंग मागे परिशिष्टात. वरचा भाग झाडाचा आहे. खालचा हरळीचा. तिथे काश्मीर नेपाळला भेटतो, तेलुगू पोथी अचानक बंगालीशी बोलते, आणि अकराव्या शतकातला क्षेमेंद्र, तेलुगूतला नन्नय, जावा बेटावरचे दहाव्या शतकाअखेरचे गद्य आदिपर्व, हे साक्षीदार म्हणून बोलावले जातात. काही फेकून दिलेले नाही. फेकून दिले असते तर लेव्हीचा रस्ता कायमचा बंद झाला असता.

परिशिष्टात काय गेले ते पाहिले की हे केवळ पंडितांचे भांडण नाही हे कळते. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही कथा संहितेत नाही. पुण्याने गणपतीला परिशिष्टात बसवले, असे म्हणता येईल. सभापर्वात (ते संपादन अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टनचे, १९४४) वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा संहितेबाहेर गेला. वस्त्रे मात्र संपत नाहीत. आणि स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो तेव्हा ‘सूताला मी वरणार नाही’ या अर्थाचे द्रौपदीचे बोल तळटीपेत उतरले. त्या एका वाक्यावर किती नाटके, किती कादंबऱ्या, किती माणसांचा स्वतःच्या जन्माविषयीचा संताप उभा आहे! इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. भांडारकरी आवृत्ती समोर ठेवून, तिच्याच आधाराने लिहिलेले. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ही १९६७ चेच. चिकित्सित आवृत्तीचे काम त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्ण झाले होते. मराठी माणसाने एकाच वर्षी दोन्ही प्रकारची फळे खाल्ली आणि त्याला काही अडचण आली नाही.

अडचण आता येते. हल्ली वादात ‘भांडारकरमध्ये हे नाही’ असे म्हटले की वाद संपला असे समजतात. ज्या पोथीत ते वाक्य होते ती पोथी, ते वाक्य लिहिणारा, ऐकणारे, सगळे खोटे ठरतात. सुकथनकरांनी ‘नंतरचे’ म्हटले होते, लोकांनी ते ‘खोटे’ असे वाचले. झाडाचा हाच धोका आहे: कालक्रम सांगता सांगता ते अधिकारक्रम सांगू लागते. मादलेन बियार्दो हिने १९६८ पासून पुण्याच्या आवृत्तीवर घेतलेला आक्षेप असाच होता. तोंडी परंपरेत वाढलेल्या ग्रंथाला एक मूळ नसते, म्हणून प्रत्येक प्रदेशाचे महाभारत त्या-त्या ठिकाणी पूर्ण आहे, असे ती म्हणे. ए. के. रामानुजन यांनी रामायणांबद्दलच्या प्रसिद्ध निबंधात ‘पाठभेद’ हा शब्दच टाळून ‘कथने’ हा शब्द पसंत केला, कारण भेद म्हटले की कशापासून तरी भेद, म्हणजे एक मूळ, गृहीत धरले जाते. तो निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढण्यात आला. एकाहून जास्त रामायणे आहेत हे विधान इतके जड झाले.

मग हरळीचीच बाजू घ्यावी काय? इथे मला दलझ-ग्वातारींशी थोडे भांडायचे आहे. पूर्वेकडे कंद, पश्चिमेकडे झाड, अशी एक मांडणी ते ओद्रिकूर या वनस्पती-मानवशास्त्रज्ञाच्या आधाराने करतात. आपल्याला ती गोड वाटते. आपण मुळातच बहुकेंद्री, आपल्यात श्रेणी नाही, असे म्हणायला पॅरिसचा दाखला मिळतो. पण पोथ्यांचे जाळे कसे चालले ते पाहा. काशी ही गाठ मोठी का? कारण तिथे दान येई, मठ होते, टीकाकार राहात. कोण लिही? ज्याला अक्षर शिकण्याची मुभा होती तो. महाभारत स्त्री-शूद्रांनी ऐकावे अशी मुभा होती, त्याची नक्कल मात्र त्यांच्या हातून होत नव्हती. गुजरातेत भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिल्लांकडून ऐकून जे ‘भारथ’ लिहून घेतले, त्यातल्या वासुकी नाग आणि द्रौपदीच्या कथेला १,२५९ पोथ्यांच्या तळटीपांत एक ओळही नाही. असणार कशी? तिथे पोचणारा रस्ताच नव्हता. जाळे आडवे असते म्हणून ते समतल असते असे नाही. कोण कोणाला जोडलेले नाही, ही जाळ्यातली श्रेणी, आणि ती झाडातल्या श्रेणीपेक्षा शोधायला अवघड, कारण तिची आकृती कोणी छापत नाही.

दुसरे, हळद लावणाऱ्याला विचारा. हळदीचे बेणे निवडताना तो जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतो. जेठा गड्डा म्हणजे मातृकंद, त्याला फुटलेले बाकीचे. कंदालाही थोरलेपण असते. स्वतः दलझ-ग्वातारी हे मान्य करतात. झाडात कंद फुटतात आणि कंदात झाडाच्या गाठी बसतात, असे ते म्हणतात. त्यांच्या अनुयायांनी हे वाक्य फारसे वाचलेले दिसत नाही.

या सगळ्यात भाषांचा प्रश्न मला जवळचा वाटतो, आणि या अंकाच्या वाचकांनाही वाटेल. मराठी कोणाची लेक? झाड सांगते: संस्कृत, महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश, मराठी. चूक नाही. पण मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि आत घेणारे ‘आपण’. हा भेद संस्कृतात नाही. तेलुगू, तमिळमध्ये आहे. मराठीने तो शेजारून घेतला, आईकडून नव्हे. श्मिट याने १८७२ मध्येच भाषांच्या झाडाविरुद्ध लाटांचे चित्र मांडले होते, आणि १९५६ साली एमेनोने भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे हे दाखवले: वंश वेगळे, सवयी सामाईक. माझ्यासारख्या मराठी माणसाला ‘आपण’ म्हणताना दरवेळी दक्षिणेकडची एक पारंबी हलते. झाडाच्या आकृतीत ती पारंबी दाखवायला जागा नाही, कारण ती खाली उतरत नाही, आडवी येते.

सुकथनकरांच्या झाडात एक गोष्ट मात्र कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा जास्त बोलते. शेंड्यावर, म्हणजे मुळाशी, व्यास आहेत. आणि ग्रंथाच्या आत कुरूंच्या वंशवृक्षातही व्यास आहेत, भलत्याच ठिकाणी. विचित्रवीर्य निपुत्रिक मेला तेव्हा आईच्या बोलावण्यावरून व्यास आले, आणि धृतराष्ट्र, पंडू, दासीपुत्र विदुर त्यांच्यापासून झाले. पंडूचे पाच पुत्र देवांचे. सहावा, खरे तर पहिला, नदीत सोडला. ज्या वंशाच्या हक्कासाठी अठरा अक्षौहिणी मेल्या त्या वंशात रक्ताची सरळ रेघ कुठेच नाही, प्रत्येक पिढीत ती आडवी गेली आहे. पोथ्यांच्या संकराची भीती घेऊन जो माणूस हा ग्रंथ संपादतो त्याला हे रोज वाचावे लागले असेल. १९४२ च्या शेवटी मुंबई विद्यापीठासाठी सुकथनकरांनी महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने योजली. त्यांत ते पोथ्यांविषयी जवळजवळ बोललेच नाहीत. महाभारताचे थर सोलून आतला ‘खरा’ वीरकाव्याचा गाभा शोधणाऱ्या युरोपीय पंडितांवर त्यांनी कडक टीका केली आणि आज आहे तसा ग्रंथ एकसंध वाचायला सांगितले. तीन व्याख्याने झाली. चौथे देण्याआधी, २१ जानेवारी १९४३ ला, ते वारले. बेलवलकर, मग प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेले.

अलीकडे केंब्रिजमध्ये वेंडी फिलिप्स-रॉड्रिगेझ यांनी द्यूतपर्वाचे पाठभेद जीवशास्त्रातल्या गणकीय पद्धतींनी मांडून पाहिले. जीवांची कुळे लावणाऱ्या त्या कार्यक्रमांतून पोथ्यांची जी आकृती निघाली तिला त्यांनी मुद्दाम मूळ दिले नाही. कोण कोणाच्या जवळ ते दिसते, कोण आधी ते दिसत नाही. फांद्या आहेत, पण टांगायला खुंटी नाही. ते करता आले कारण पुण्याच्या तळटीपांत प्रत्येक पोथीचा प्रत्येक फरक जपून ठेवलेला होता.

१९७१ ते १९७६ या काळात भांडारकर संस्थेने केवळ सिद्ध संहितेचे वेगळे खंड काढले. घरात ठेवायला सोयीचे, आणि आज बहुतेक अभ्यासकांच्या हातात तेच असतात. त्या खंडांत खालचा अर्धा भाग नाही.